आधी माल थांबव

खडकी,
५ नोव्हेंबर

चि. मनू हिस,


तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा झाल्यावर पुन्हा वाचला. फोनच करणार होतो. पण फोनवर मी भाषण ठोकतो, तू ‘हो मामा, हो मामा’ करत राहतेस आणि शेवटी गाडी तुझ्या आईच्या गुडघ्यांवर येऊन थांबते. हे प्रकरण तसं उरकण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला. पोस्टाने दोन-तीन दिवस जातील. तेवढी उसंत तुलाही हवीच आहे.

मला समजलंय ते बरोबर आहे का बघ. तुमच्या लाइनवरच्या ज्या काकांनी तुला चाकणला गेल्या गेल्या मायक्रोमीटर धरायला शिकवला, म्हणजे हाताने आवळायचा नाही, मागचा रॅचेट फिरवायचा, टक् टक् टक् झालं की थांबायचं, त्याच काकांनी गेले तीन महिने बुशचे रिपोर्ट न मोजता भरले. तू सहज म्हणून रीडिंगचा आलेख काढलास आणि तुला ते दिसलं. तू वर कळवलंस. आता तीन जणांची चौकशी समिती बसलीय आणि तिच्यात तुलाच घातलंय. तू मला विचारतेस, इतका सज्जन माणूस आतून असा कसा निघाला? आणि मला तो ओळखता कसा आला नाही?

दोन्ही प्रश्नांकडे येतो. पण त्यांच्याआधी एक तिसरा प्रश्न आहे आणि तो तुझ्या लांबलचक मेसेजात कुठेच नाही. तो माल कुठे आहे? तीन महिन्यांचे बुश म्हणजे काही हजार नग. किती स्टोअरमध्ये पडलेत, किती गिऱ्हाईकाकडे गेले, किती गाड्यांत बसले? काका सज्जन की लबाड हे ठरायला महिना लागला तरी चालेल. बुश थांबणार नाहीत. हे पत्र वाचलंस की कामावर गेल्या गेल्या पहिलं काम ते कर. शिल्लक माल बाजूला काढून त्यावर लाल टॅग लाव आणि गेलेल्या मालाचं गिऱ्हाईकाला कळवायला वरच्यांना भाग पाड. मग उरलेले नग मोजायला बस. माणसाचा निकाल लावायच्या घाईत वस्तूचा निकाल राहून जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. वस्तूवर ओरडता येत नाही ना, त्यामुळे तिच्यात कुणाला रस नसतो.

आता आलेखाबद्दल. तू जे पकडलंस त्याचं मला फार कौतुक वाटलं. लेथवर डाया काढताना टूल झिजत जातं तसा डाया मायक्रॉन-मायक्रॉनने वाढत जातो, ऑपरेटर ऑफसेट देतो, की पुन्हा खाली येतो. खऱ्या मोजमापाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. काकांचे आकडे मात्र मधल्या रेषेच्या वर-खाली नीट शिंपडलेले होते. सगळे टॉलरन्समध्ये, सगळे सभ्य. खुर्चीत बसून भरलेले आकडे नेहमीच असे सभ्य असतात.

यावरून तुला एक गंमत सांगतो, गंमत म्हणण्यासारखी आहे का ते तूच ठरव. २०१२ साली अमेरिकेत प्रामाणिकपणावर एक संशोधन छापून आलं आणि जगभर गाजलं. फॉर्मवर सही खाली न घेता अगदी वर, आकडे भरायच्या आधी घेतली, तर माणसं कमी खोटं लिहितात, असा त्याचा निष्कर्ष. त्यात एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांनी कळवलेले गाडीच्या मीटरचे आकडे पुरावा म्हणून होते. नऊ वर्षांनी काही चिकित्सक मंडळींनी ते आकडे उलगडून पाहिले. माणूस स्वतः मीटर बघून लिहितो तेव्हा हजारात, पाचशेत आकडा गोल करतो. इथे तसा गोल आकड्यांचा ढीगच नव्हता. शिवाय गाडी किती चालली, याचं उत्तर शून्यापासून पन्नास हजार मैलांपर्यंत सगळीकडे सारखंच पसरलेलं. खऱ्या जगात असं होत नाही, बहुतेक गाड्या मधेच कुठेतरी चालतात. म्हणजे प्रामाणिकपणावरच्या अभ्यासातले आकडेच कुणीतरी बनवलेले होते. २०२१ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. तुझी नि त्या मंडळींची पकडायची रीत एकच. काकांची नि त्या आकडे बनवणाऱ्याचीही एकच.

निवृत्तीनंतर मी या विषयाचं जमेल तसं वाचत असतो. तुझ्या आईला वाटतं मामाला नसता नाद लागला. तसं नाही. १९८६ सालचं माझं एक कोडं आहे, ते सुटावं म्हणून वाचतो. ते पुढे सांगतो.

आज तारीख काय आहे, लक्षात आलं का? ५ नोव्हेंबर. १८१७ साली याच दिवशी खडकीची लढाई झाली. शाळेत तुला ती दोन ओळींत शिकवली असणार, पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांकडून हरला आणि पळाला. आमच्या इथल्या पोरांना तर तेवढंही ठाऊक नसतं. खडकी म्हणजे अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, सॅपर्स, बाजार आणि लोकल. पण या लढाईत एक गोष्ट दडलीय, ती तुझ्या चौकशी समितीच्या टेबलावर ठेवावी अशी आहे.

कॅप्टन फोर्ड म्हणून एक इंग्रज अधिकारी होता. त्याची पलटण दापोडीला होती. दापोडी म्हणजे आपल्या बोपोडीच्या पलीकडे, मुळा ओलांडली की. अधिकारी इंग्रज, कवायत इंग्रजी, पण पलटण पेशव्यांची आणि पगार पेशव्यांच्या खजिन्यातून. या फोर्डची आणि पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित मराठे यांची मैत्री होती. ग्रँट डफ, ज्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि जो त्या धामधुमीत पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या हाताखाली होता, त्याने हे नोंदवून ठेवलंय. लढाई होणार असं दिसू लागल्यावर दीक्षितांनी फोर्डला बाजूला राहायला सुचवलं. फोर्ड म्हणाला, जमणार नाही. मग दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की तू पडलास तर तुझ्या बायकामुलांना मी बघेन. त्या दुपारी फोर्डची पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना येऊन मिळाली. मोर दीक्षित पेशव्यांचा जरीपटका घेऊन समोरच्या बाजूला होते. ते पडले, आणि डफ म्हणतो, फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने.

या गोष्टीत वाईट माणूस कोण, ते मला सांग.

इंग्रजांच्या बखरीत फोर्ड कर्तव्यदक्ष. आपल्या हिशेबाने बघितलं तर पगार एकाचा आणि तोफ दुसऱ्याची. पण आपणही फोर्डला शिवी देत नाही, कारण त्याचं नाव आपल्याला माहीतच नाही. त्याच्या पलटणीतल्या शिपायांचं तर विचारूच नकोस. त्यांना कुणी ‘तुझी निष्ठा कुणाशी?’ असं विचारलं असेल का? साहेब ज्या दिशेने चालला, शेजारचा ज्या दिशेने चालला, त्या दिशेने तेही चालले. ती दिशा निघाली खडकीची. आपला सगळा राग आपण एका माणसासाठी राखून ठेवलाय, बाळाजीपंत नातू. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं ते त्यांनी चढवलं असं सांगतात. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, इंग्रजांची चाकरी त्यांनी केली हे खरंच आहे. पण काठावर बसून कोण जिंकतंय ते बघणारे सरदार, दोन्हीकडे निरोप धाडणारे कारभारी, पर्वतीवरून लढाई पाहणारे खुद्द पेशवे, ही सगळी मंडळी त्या एका नावाआड कशी नीट झाकली गेली, ते बघ. आणि बापू गोखले त्याच पराभूत बाजूचे सेनापती, पुढे आष्टीला लढता लढता पडले, म्हणून त्यांचा आदर. घोडदळाच्या वाटेत दलदल लागली नसती, जरीपटक्याची काठी सकाळी निघतानाच मोडली नसती, दुपार वेगळी फिरली असती, तर याच माणसांच्या याच गुणांना आपण वेगळी नावं दिली असती. पळपुट्याला सावध म्हटलं असतं.

तुझ्या समितीलाही एक नातू हवाय. तो मिळाला की फाइल बंद. तीन मशिनांवर दोन तपासनीस होते, ते सात मशिनांवर एक कधी झाले, हे मग कुणी विचारत नाही. हे तूच मागे दिवाळीत बोलता बोलता सांगितलं होतंस, आठवतं? तेव्हा तू कौतुकाने सांगितलंस, ‘काका एकटे सात मशिनं सांभाळतात.’ मी तेव्हाच जरा चपापलो होतो. सात मशिनं, दर तासाला पाच नग, प्रत्येक नगाची चार मापं. गुणाकार कर. माणसाला तासात तेवढी मिनिटं असतात का?

आता ते कोडं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. नाव सांगत नाही, तो आता बंदही झालाय. खडकी बाजारातून सायकल काढायची, बोपोडी, दापोडीचा पूल, कासारवाडी, भोसरी. म्हणजे फोर्ड ज्या वाटेने आला, त्याच वाटेने रोज उलटा. १९८६ च्या मार्चची ३१ तारीख. कॅपस्टन लेथवरचा चारशे नगांचा लॉट. वीस नग मोजून रिपोर्ट भरायचा नियम. मी पाच मोजले होते. टेम्पो फाटकात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि सुपरवायझर माझ्या टेबलापाशी आले. मला आजवर आठवतं, ते एक अक्षरही वाईट बोलले नाहीत. ‘रिपोर्ट पूर्ण करून टाका,’ एवढंच म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं. मी उरलेले पंधरा आकडे भरले. सभ्य आकडे. खाली सही केली. टेम्पो गेला.

काही झालं नाही. माल चांगलाच होता. गिऱ्हाईकाची तक्रार आली नाही. खरी गडबड तिथेच झाली, मनू. काही झालं असतं तर मी सुधारलो असतो. एप्रिलमध्ये मी दहा मोजून दहा भरले. मेमध्ये पुन्हा पाच. पावसाळ्यात सायकल भिजायची, उशीर व्हायचा, तेव्हा एखाद्या दिवशी दोनच. आणि हा सगळा काळ मी घरी तसाच होतो. बाजारात दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर परत करणारा, तुझ्या आईला ‘खोटं बोलू नये’ म्हणून रागावणारा. त्या आठ महिन्यांत मला कुणी विचारलं असतं, तुम्ही प्रामाणिक आहात का, तर मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो असतो, आणि ते खोटं बोलतोय असंही मला वाटलं नसतं. हेच माझं कोडं. मी तेव्हा कोण होतो?

‘रिपोर्ट पूर्ण करा’ हे शब्द नीट बघ. ‘खोटे आकडे लिहा’ असं कुणी म्हणालं असतं तर मी उसळलो असतो. अल्बर्ट बांदुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे बरंच तपासलंय. माणूस आपली नीती सोडत नाही, ती तेवढ्यापुरती बाजूला ठेवायच्या युक्त्या काढतो, आणि त्यातली एक युक्ती म्हणजे कामाला सोज्वळ नाव देणं. आपल्याकडे या नावांची ददात नाही. अ‍ॅडजस्ट करा. चालवून घ्या. फॉर्मॅलिटी आहे. मागचंच कॉपी मारा. काकांना यातलं कुठलं वाक्य कुणी कधी म्हटलं, ते शोध. मला खात्री आहे, म्हणणारा माणूस फार गोड बोलणारा असेल.

दुसरं, घाई. प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या दोघांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९७३ साली छापून आला. आपल्या भाषेत सांगतो. समज, एकनाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, त्या कथेवर कीर्तन करायला एक बुवा निघालेत. वाटेत दारात एक माणूस कण्हत पडलाय. बुवा थांबतील? तिथे कथा बायबलातल्या भल्या शोमरोन्याची होती, एवढाच फरक. निम्म्यांना त्याच कथेवर बोलायचं होतं, बाकीच्यांना दुसऱ्या विषयावर. कथेचा विषय मनात घोळत असण्याने म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो वेळेने. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांच्यातले ४५, आणि ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगितलेल्यांपैकी अवघे १०. चाळीसच माणसं होती, त्यामुळे आकड्यांना वेदवाक्य मानू नकोस. पण ३१ मार्चचा टेम्पो मला त्यात लख्ख दिसला.

त्याच्याही आधी, १९२८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, हार्टशॉर्न आणि मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांना फसवायच्या वेगवेगळ्या संधी देऊन पाहिल्या. गणिताच्या पेपरात, खेळात, पैशांत, घरच्या अभ्यासात. एके ठिकाणी फसवणारं पोर दुसरीकडेही फसवेलच असं फारसं सांगता येईना. चांगली पोरं आणि लबाड पोरं असे दोन गट पडलेच नाहीत. पडल्या त्या चांगल्या जागा आणि वाईट जागा. पुढच्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या, स्वभाव म्हणून काही असतं हे खरंच. पण आपण धरून चालतो तेवढं नसतं.

हे वाचून तू म्हणशील, म्हणजे मामा, काकांचा दोषच नाही? तसं मी म्हणत नाही. सात मशिनं होती, घाई होती, गोड शब्द होते, हे सगळं मान्य. तरीही रोज सकाळी पेन काकांच्या हातात होतं. ‘सात मशिनं मला होत नाहीत’ हे एक वाक्य लिहून द्यायला त्यांना तीन महिने मिळाले. ते त्यांनी लिहिलं नाही. मीही लिहिलं नव्हतं. परिस्थितीने का झालं ते कळतं, म्हणून झालं ते पुसलं जात नाही. शिक्षा व्हायची ती होऊ दे. फक्त ती त्या कामाची होऊ दे, ‘असल्या माणसाची’ नको. आणि त्या शिक्षेच्या कागदावर सात मशिनं कुणी दिली त्याचंही नाव येऊ दे. ते आणण्याइतकी तू चिवट आहेस.

पण समितीत मात्र बसू नकोस.

यावर तू चिडशील, माहीत आहे. तुला वाटेल मामा मला भावनाप्रधान समजतो. उलट आहे. तुझ्या मेसेजात ‘फसवलं’ हा शब्द मी मोजला, सहा वेळा आलाय. जोनाथन हाइट म्हणून एक अभ्यासक आहे, तो म्हणतो माणसाचा नैतिक निकाल आधी आतून उसळी मारून येतो आणि कारणं मागून जमवली जातात. आपल्याला वाटतं आत न्यायाधीश बसलाय, प्रत्यक्षात बसलेला असतो वकील. तुझा निकाल लागून चुकलाय. काकांविरुद्ध लागलाय असं आज तुला वाटतंय. त्यांना समोर हात जोडून बसलेलं पाहिलंस की तो तासाभरात उलटेल आणि त्यालाही तितकीच चोख कारणं सापडतील. दोन्ही वेळी तू प्रामाणिकच असशील.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हेही ऐक. जोन मिलर नावाच्या एका बाईंनी आपल्या म्हैसूरच्या आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या लोकांना एक पेच घातला होता. तो १९९२ साली छापून आला. मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोचवायच्यात, पाकीट चोरीला गेलंय, शेजारच्या माणसाच्या कोटात रेल्वेचं तिकीट दिसतंय. घ्यायचं का? न्यू हेवनचे बहुतेक म्हणाले, नाही, चोरी ती चोरी. म्हैसूरचे बहुतेक म्हणाले, घ्यायचं आणि अंगठ्या पोचवायच्या. ते नीती सोडून बोलत नव्हते. मित्राला दिलेला शब्द हीच त्यांची नीती होती. तुझ्या मनात काकांबद्दल जी ओढ आहे ती तुझ्या न्यायबुद्धीवरचा डाग नाही, ती एक वेगळी जबाबदारी आहे. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच खुर्चीत बसवू नकोस, एवढंच. फोर्ड आणि दीक्षितांना दुसरी खुर्ची नव्हती. तुला आहे. एचआरला दोन ओळी लिही, ‘यांनी मला काम शिकवलंय, म्हणून मला समितीत ठेवू नये. मी साक्ष देईन.’ आलेख घेऊन साक्षीला जा, विचारतील तेवढं सांग, सात मशिनांचं न विचारता सांग. आणि रविवारी काकांच्या घरी जा. ‘का केलंत?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांनाही येणार नाही. मला आलं नसतं. विचारायचंच असेल तर पहिल्या दिवसाचं विचार, तारीख कुठली होती आणि टेम्पो उभा होता का.

माझं कसं थांबलं ते सांगायचं राहिलं. सदसद्विवेक वगैरे जागा झाला असं लिहायला फार आवडलं असतं. नोव्हेंबरमध्ये माझ्या हाताखाली आयटीआयचं एक पोरगं शिकायला आलं. दापोडीतलंच होतं, शर्ट कायम एक माप मोठा. मी रिपोर्ट भरत होतो. ते मागे उभं राहून बघत होतं. म्हणालं, ‘साहेब, हे कधी मोजलं? मला पण दाखवा ना.’ त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच शिकायचं होतं. मी उठलो, लॉटपाशी गेलो आणि त्याला वीस नग मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागे उभं. म्हणून पुन्हा वीस. ते वर्षभर होतं. वर्षभरात माझा हात पुन्हा बसला. ते गेल्यावर मी माझं टेबल मशिनांच्या मधोमध हलवून घेतलं, मोठा आवाज आणि तेलाचे शिंतोडे सोसून, का तर तिथे बसून मोजल्याशिवाय लिहिलं तर चार ऑपरेटरना दिसलं असतं. स्वतःच्या स्वभावावर भरवसा ठेवून बसण्यापेक्षा टेबल सरकवलेलं बरं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. सुपरवायझरसाठीही एक वाक्य घोकून ठेवलं होतं, ‘साहेब, मोजून देतो, टेम्पोला चहा पाजा.’ तोंडात तयार वाक्य असलं की घड्याळाकडे बघणाऱ्या माणसासमोर जीभ अडखळत नाही. तुझं वाक्य तू तयार कर, ते आजच कर. तुझ्याही टेबलापाशी कुणीतरी घड्याळ बघत येणार आहेच, आलं नसेल तर.

तू काकांना ओळखलं नाहीस असं मला वाटत नाही. रॅचेटचे तीन टक् शिकवणारा माणूस खराच होता. तो तेव्हा तुझ्यासमोर उभा होता, शिकवत होता, म्हणून मोजत होता. पुढे तू दुसऱ्या लाइनवर गेलीस. तुझी चूक आहे असं अजिबात म्हणत नाही, भलता अर्थ काढू नकोस. एवढंच, की त्यांच्या मागे उभं राहून ‘मला पण दाखवा ना’ म्हणणारं तिथे नंतर कुणी राहिलं नाही.

संध्याकाळी मुळा रोडने वॉर सिमेट्रीपर्यंत पाय मोकळे करून आलो. माळी गवत कापत होते. तिथले दगड सगळे एका मापाचे, अधिकाऱ्याचाही तेवढाच आणि शिपायाचाही. नाव, हुद्दा, पलटण, तारीख, वय. शेवटच्या दिवशी तो पुढे होता की मागे वळला होता, हे एकाही दगडावर कोरलेलं नाही. मी पन्नासेक तरी वाचले असतील.

रविवारी काकांकडून निघालीस की इकडेच ये. मामीने चकल्या राखून ठेवल्यात. येताना त्या आलेखाची प्रत आण, मला ते दात नसलेले आकडे बघायचेत.

तुझा,
मामा

ता. क. पत्र तुझ्या आईच्या हाती पडलं तर पडू दे. ८६ ची गोष्ट तिला मी कधी सांगितलेली नाही. तिला वाटतं मला टेबल मशिनांत हलवायची शिक्षा झाली होती. तुला वाटलं तर तू सांग.